दुसऱ्या हरणाचं तोंड

हॉगन खोरं, विस्कॉन्सिन
३० नोव्हेंबर १९८७

लाइल,

फोनवर नीट बोलले नाही म्हणून फुगू नकोस. तुझा फोन आला की बाबा गोठ्यातला दुसरा फोन उचलून ऐकत राहतात. त्यांना वाटतं आपल्याला कळत नाही. गोठ्यात गाई नाहीत आता, त्यामुळे त्यांचा श्वास अगदी स्वच्छ ऐकू येतो. म्हणून पत्र.

बाबांना हरीण मिळालं. मोसमाच्या पहिल्याच सकाळी आणि एका गोळीत. तेच ते, फाटक्या डाव्या कानाचं, ज्याच्यामागे ते तीन हिवाळे फिरत होते. शिंगांना दहा टोकं. एक्क्याऐंशीव्या वर्षी! बारमध्ये त्यांना इतक्या जणांनी ब्रँडी पाजली की मला त्यांना गाडीपर्यंत हाताला धरून आणावं लागलं.

आता दुसरी बातमी. मी त्याचा गळा कापला. हो, मीच. भिंतीवर लावायच्या हरणाचा गळा कापायचा नसतो, खांद्यापासून पुढचं कातडं अखंड ठेवायचं, हे बाबांनी आपल्याला शाळेच्या आधी शिकवलं, आणि तरी माझा हात गेला. गेला तो गेला. गावभर झालंय. बारमध्ये मला आता ‘खाटीकबाई’ म्हणतात आणि वर हसतात.

मुंडकं मेरिल कुबातकडे दिलं. ‘पेंढा भरून दे’ म्हटलं की तो चिडतो. पेंढा त्याच्या आजोबांबरोबर गेला म्हणे, आता फोमचा साचा येतो आणि त्यावर कातडं ताणतात. त्याच्या फ्रीजरमध्ये पाय ठेवायला जागा नाही, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्याआधी काही मिळत नाही.

गेल्या नाताळात तू म्हणाला होतास, बाबा शिकारीला जाताहेत तोवर घरात राहतील, शिकार सुटली की ऑस्बीच्या वृद्धाश्रमाचं बघू. तर शिकार झाली. ते घरातच राहणार. गेल्या महिन्यात बाबांच्या हातून ओव्हन दोनदा रात्रभर चालू राहिला, पण तू म्हणशील तुझाही राहत असेल. राहतोही. सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात दीडशे पोरांचं जेवण करून आले की मला माझंच नाव आठवत नाही.

आर्डिस


टुसॉन, ॲरिझोना
१२ डिसेंबर १९८७

खाटीकबाई,

बाई गं, तू केलंस काय! मी पत्र वाचलं आणि कॉनीला म्हणालो, माझ्या बहिणीने दहा टोकांच्या हरणाची डुक्कर कापतात तशी मान कापली. कॉनी म्हणाली, त्यात काय झालं? ती फीनिक्सची, तिला काय कळणार. बाबांनी तुला काय काय ऐकवलं असेल, मी डोळ्यांसमोर आणू शकतो. मी असतो तर मला जेवायला दिलं नसतं त्यांनी.

पण म्हातारा काय माणूस आहे! एक गोळी! मी इथल्या सगळ्या दोस्तांना सांगितलं. ज्याचा नेम असा आहे त्याला कुठला वृद्धाश्रम आणि कुठली नर्स? तू उगाच घाबरतेस, आर्डिस. नवरा गेल्यापासून तू प्रत्येक गोष्टीत मरण बघतेस. माझं ऐक, बाबा आपल्या दोघांनाही पोचवतील.

संत्र्यांची पेटी पाठवली आहे. थोडी शेजारी वाट, मागच्या वर्षी म्हणालीस नासली म्हणून.

मेरिलला सांग, मुंडकं उजवीकडे वळलेलं कर. दिवाणखान्याच्या दारातून आत आलं की त्याने आपल्याकडे बघायला हवं.

तुझा,
लाइल


हॉगन खोरं
९ मे १९८८

लाइल,

संत्री पोचली होती. डिसेंबरात लिहायचं राहिलं, मग जानेवारीत राहिलं, मग लाज वाटायला लागली. वाटून खाल्ली.

बाबांना टर्की मिळाला. त्यांच्या तरुणपणी या डोंगरात टर्की औषधालाही नव्हते, सरकारने आणून सोडले तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. त्यामुळे त्यांना अजून ते पाहुण्यासारखे वाटतात. ओकच्या बुंध्याला पाठ लावून आम्ही दोघं बसलो. ते लाकडी डबीवर झाकण घासून मादीचा आवाज काढत होते. त्या वेळी त्यांचे हात बघायला हवे होतेस. सकाळी शर्टाची बटणं लावताना तेच हात चुकतात आणि मी बटणं लावते. इथे एक चूक नाही. नर उताराने फुगून, पिसारा उभारून, एखाद्या नवऱ्या मुलासारखा आला. काडतुसं माझ्या कोटाच्या खिशात होती, ती मी शेवटच्या क्षणी त्यांना दिली. का ते विचारू नकोस, थंडी होती.

मेरिलला फोन केला. तो म्हणाला, पिसं मोडू नकोस, पाण्याखाली धरू नकोस आणि तुझ्या लांब मोज्यांमध्ये टर्कीला डोक्याकडून घालून घेऊन ये. मला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती. माझा चर्चला जायचा एकुलता एक चांगला जोड त्या पक्ष्यावर चढवला आणि तशीच नोंदणीच्या जागी गेले, कारण आधी तिथे दाखवावं लागतं. सगळे पुरुष रांगेत उभे, आणि माझ्या हातात माझ्याच मोज्यांतला वीस पौंडांचा टर्की. कोणीतरी म्हणालं, “खाटीकबाई, या वेळी गळा नाही ना कापला?” सगळ्यात मोठ्याने बाबा हसले.

त्या टर्कीच्या डाव्या पायाचं एक बोट अर्धं आहे, थंडीने गेलं असेल. मेरिल म्हणाला, हवं तर नवं बसवतो. बाबा म्हणाले, “तुझंही एक बोट अर्धं आहे, तुला कोणी बसवलं का?” तसंच ठेवणार आहेत.

हरणाचं काम चालू आहे. फेब्रुवारीत मेरिलने मला एकदा बोलावलं होतं, थोडी डागडुजी होती म्हणे. मी थकले आहे, लाइल. तक्रार नाही, फक्त सांगून ठेवते.

आर्डिस


टुसॉन
२० जून १९८८

आर्डिस,

मोज्यातला टर्की! कॉनी अजून हसते आहे. तुला नवा जोड पाठवते म्हणाली, तुझं माप कळव.

ऐक, मी ऑगस्टअखेर येतोय. आठ दिवस. कॉनीला सुट्टी नाही, मी एकटाच. मेरिलच्या मागे लाग, तोवर हरीण आणि टर्की दोन्ही भिंतीवर हवेत. शेजारीपाजारी बोलाव, मी मांस भाजतो, बाबांना मध्ये बसवू. तू म्हणतेस थकलीस, तर त्या आठ दिवसांत तू काही करायचं नाहीस. फक्त बटाट्याचं सॅलड. तुझ्यासारखं कोणाला जमत नाही.

लाइल


टुसॉन
११ सप्टेंबर १९८८

आर्डिस,

विमानात मी रडलो. शेजारच्या बाईने मला तिचा रुमाल दिला.

त्या दिवसाबद्दल मी निघेपर्यंत तू एक अक्षर बोलली नाहीस. मीही बोललो नाही, बाबा समोर असायचे. आता लिहितो. तू काही लपवलं नव्हतंस, मीच ऐकलं नाही. तू ओव्हनचं लिहिलंस आणि मी तुझीच चेष्टा केली.

मेरिलने टर्कीवरची चादर काढली तेव्हा बाबांनी बोट बघितलं आणि म्हणाले, “हा माझा.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने हरणावरची चादर काढली. किती सुंदर झालं होतं ते! फाटका कान, दहा टोकं, मी म्हटलं होतं तसं उजवीकडे वळलेलं. बाबा उठले, जवळ गेले, त्याच्या गळ्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, “हे माझं हरीण नाही.”

मेरिल खाली बघायला लागला. मी म्हटलं, “बाबा, शिंगं बघा ना.” ते म्हणाले, “शिंगं माझी आहेत. तोंड दुसऱ्याचं आहे. माझ्याच्या गळ्यावर पांढरे पट्टे दोन होते, याला एकच.” मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, तर ओरडले. आयुष्यात ते माझ्यावर असे ओरडले नव्हते. “मला वेड्यात काढता?” सगळे ताटं हातात धरून उभे. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

आपल्या माणसाने ज्या हरणामागे तीन वर्षं घालवली ते त्याला ओळखू येऊ नये! आणखी काय पुरावा हवा? मी बोललो आहे. ऑस्बीच्या वृद्धाश्रमात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खोली रिकामी होते आहे. शिकारीच्या मोसमाआधीच होईल, तेही बरं, बंदुकीचा प्रश्न सुटेल. तू फक्त हो म्हण. तू तुझं केलंस, आर्डिस. आता सुटशील.

लाइल


हॉगन खोरं
२५ सप्टेंबर १९८८

लाइल,

तुझं पत्र दहा दिवस खिशात घेऊन फिरते आहे. ‘सुटशील’ हा शब्द वाचून मी शाळेच्या भांडारघरात पिठाच्या पोत्यावर बसले. मला सुटायचं आहे. हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तू मला पुण्यवान समजशील.

बाबा बरोबर होते. ते तोंड त्यांच्या हरणाचं नाही.

गळ्यावरचा काप मेरिलला शिवता आला असता. पण तो आडवा होता, वेडावाकडा होता, आणि मोसमाच्या दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा हरीण झाडालाच टांगलेलं होतं. कापाच्या कडेचे केस सुटायला लागले. फेब्रुवारीत त्याने मला बोलावून दाखवलं. नुसतं बोट लावलं की केस हातात. म्हणाला, शिंगं हीच ठेवून तोंडापासून खांद्यापर्यंत दुसऱ्या हरणाचं कातडं लावावं लागेल. असं नेहमीच करतात, शिकारी स्वतःच सांगतात, त्यात लबाडी नाही. फक्त तो म्हणाला, “तुझ्या बाबांना विचार.” मी म्हटलं, “त्यांना काही सांगायचं नाही. डावा कान फाड आणि गप्प बस.” तो म्हणाला, मालकाला न सांगता दुसरं तोंड मी आजवर लावलेलं नाही. मी त्याच्यापुढे हात जोडायचे बाकी ठेवले होते. त्याने माझ्यासाठी केलं. गळ्यावर बाबांच्या हरणाला दोन पट्टे होते हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. माझा सुरा बरोबर त्यांच्यावरूनच गेला होता ना.

माझा नाही. आता हेही लिहिते. गळा बाबांनी कापला.

हरणाचं पोट साफ करायचं म्हणून मी ओढ्यावर पाणी आणायला गेले होते. परत आले तर ते हरणाजवळ उभे, सुरा हातात, गळा कापलेला. माझ्याकडे बघून म्हणाले, “हे कोणी केलं?” सुरा त्यांच्या हातात होता, लाइल. आणि चेहरा असा की... मी म्हटलं, “मी.” दुसरं काही सुचलंच नाही. ते म्हणाले, “तुला किती वेळा सांगितलं!” आणि मग घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

म्हणजे बघ. तुला वाटतं त्यांचं डोकं गेलं कारण त्यांनी हरीण ओळखलं नाही. त्यांनी ते ओळखलं, तीस माणसांत एकट्यांनी. आणि डोकं जातंय हे खरंच आहे, पण त्याचा पुरावा दुसरा आहे, आणि तो मी वर्षभर स्वतःच्या अंगावर घेऊन लपवला. त्यांना शहाणं ठरवायचं तर मला सांगावं लागतं की तोंड बदललं. तोंड का बदललं हे सांगायचं तर गळा कोणी कापला ते सांगावं लागतं. मी दोन्हीकडून अडकले आहे. मला आता झोप हवी आहे.

आर्डिस


टुसॉन
८ ऑक्टोबर १९८८

आर्डिस,

मी तीन पत्रं लिहून फाडली.

मी त्यांना सगळ्यांसमोर लहान मुलासारखं समजावत होतो, आणि ते खरं बोलत होते. तू मला त्याच रात्री का नाही सांगितलंस? पण मी काय केलं असतं, तेही मला माहीत आहे.

वृद्धाश्रमाला मी परत फोन केला नाही. हो म्हणून नाही की नाही म्हणून नाही. खोली महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतील. मला इथून काही दिसत नाही गं. तू त्यांच्याबरोबर राहतेस, तुला कळतं. तू ठरव. जे ठरवशील ते मला मान्य.

लाइल


हॉगन खोरं
३० ऑक्टोबर १९८८

लाइल,

‘तू ठरव.’ आई आजारी होती तेव्हाही तू हेच लिहिलं होतंस, आणि गाई विकायच्या तेव्हाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात तसं तुला दुरून मीही साजरी दिसत असेन. मी ठरवलं नाही. मी त्यांनाच विचारलं.

गेल्या रविवारी आम्ही चर्चमधून आलो. ते ओट्याशी बसून बटाटे सोलत होते. मी म्हटलं, “बाबा, हरणाचं तोंड दुसऱ्याचंच आहे. तुम्ही बरोबर होतात. मेरिलला मी गप्प बसवलं.”

“माहीत आहे,” ते म्हणाले.

“गळा कोणी कापला, बाबा?”

“तू. तूच सांगितलंस ना सगळ्या गावाला.”

त्यांनी तो बटाटा सोलला, आणखी एक घेतला, तोही सोलला. मग सुरी खाली ठेवली.

“मी कापला,” म्हणाले. “माझा बाप डुकरं कापायचा, तसा. हात आपोआप गेला. मग बघितलं तर मला कळेना, हे मी केलं? तू समोर आलीस म्हणून तुला विचारलं. मला वाटलं तू म्हणशील, म्हाताऱ्या, सुरा कोणाच्या हातात आहे? तर तू म्हणालीस, मी.”

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“घरी येईपर्यंत डोक्यात प्रकाश पडला होता. पण बोललो असतो तर लाइलने बंदूक घेतली असती. मग घर. तो फोनवर तुला काय म्हणतो ते मी ऐकतो.” मग म्हणाले, “त्या दिवशी चादर काढली तेव्हा मी शिंगांकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ गळ्याला हात घातला. माझा काप कुठे आहे ते शोधत होतो. चोराच्या मनात चांदणं.”

मी म्हटलं, “जाऊ द्या.”

“जाऊ द्या काय? वर्षभर ते बारमध्ये तुला हसले. मीही हसलो. सगळ्यात मोठ्याने मी हसलो, कारण मी हसलो नसतो तर कोणीतरी माझ्याकडे बघितलं असतं. डोकं जातंय ना, ते जाऊ दे, पोरी. माझ्या बापाचंही गेलं. पण स्वतःच्या लेकीला लोकांच्या तोंडी देऊन घर राखणारा माणूस मी नव्हतो. तो कधी झालो, तेच मला आठवत नाही.”

मला त्यांची कीव यायला हवी होती. मला राग आला. इतका राग की मी बटाट्यांचं पातेलं उचललं आणि मागच्या दाराबाहेर जाऊन गवतात ओतलं. मला वाटत होतं मी त्यांना वाचवते आहे. मी काडतुसं खिशात ठेवते, मी बटणं लावते, मी खोटं बोलते, आणि ते बिचारे काही न कळता सुखात आहेत. आणि ते सगळं कळून, एकटे, माझ्यासमोर वर्षभर घाबरून बसले होते. आम्ही रोज एका टेबलावर जेवत होतो, लाइल.

आत आले तेव्हा त्यांनी नवे बटाटे घेतले होते. म्हणाले, “या वर्षी माझा परवाना काढू नकोस.” काल मेरिलकडे जाऊन बंदूक देऊन आले, आणि तिथून स्वतः मला बारमध्ये घेऊन गेले. आत शिरल्या शिरल्या, कोट न काढता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “गेल्या वर्षी गळा मी कापला. आर्डिसने नाही.” कोणी हसलं नाही. मला हसलेलं परवडलं असतं.

हरीण भिंतीवर आहे. काढू का विचारलं, तर म्हणाले, राहू दे, त्या बिचाऱ्याचा काय दोष.

आता तू म्हणालास ठरव, म्हणून ठरवलं. खोली सोडली, मी स्वतः फोन केला. एक दिवस ती लागेल, तो दिवस मी आणि बाबा बघू, आणि तेव्हा तू इथे असशील. पण त्याआधी, नाताळ झाला की तू इथे येतोयस, आणि मार्चपर्यंत राहतोयस. तुझं काम थांबेल, कॉनी रागावेल, ते तू बघ. मी तुझ्या घरी येऊन झोपणार आहे. मोज्यांचं माप तेव्हाच देईन.

बाबांना सांगून झालंय. त्यांनी विचारलं, “लाइलला स्वयंपाक येतो?” मी म्हटलं, नाही. म्हणाले, “मग मजा आहे.”

एकच सांगते. त्यांनी काही विसरलं तर सांभाळून घेऊ नकोस, तोंडावर सांग. बाबा, गॅस तुम्ही चालू ठेवलात. बाबा, हे तुम्ही केलंत. ओरडतील, पण खरं त्यांना सोसतं. सोसत नव्हतं ते मला. आणि रात्री ते उठून खाली आले तर पायऱ्यांचा दिवा लाव आणि त्यांच्याबरोबर बस. ते काही मागत नाहीत, फक्त कोणीतरी जागं आहे का ते बघायला येतात.

आर्डिस